हीट पंपावरचा आळ

आमच्या न्हाणीतील हीट पंपाविषयी जव्हारमध्ये दोन हकिकती फिरत आहेत. पहिली माझ्या मुलाची : बाबांनी हट्टाने चांगला गिझर काढला, नवे यंत्र इथल्या थंडीत चालले नाही आणि बाळंतीण बहीण तेल लावून कुडकुडत बसली. दुसरी माझ्या पत्नीची : रात्री वीज गेली होती. दोन्ही खोट्या आहेत. एक अज्ञानातून आली, दुसरी मायेतून. म्हणून दुसरी खरी ठरत नाही.

गिझर मी काढला, हे खरे. तो चांगला होता, हे साफ चूक. दुसरी बादली भरेपर्यंत त्याचे पाणी कोमट होई, आणि वीज तर तो राक्षसासारखी खाई. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिना रोज सकाळी तिला आणि बाळाला न्हाऊ घालायचे, म्हणजे बादल्यांमागून बादल्या कढत पाणी हवे. हीट पंप हवेतली ऊब ओढून पाणी तापवतो, त्यामुळे त्याला वीज थोडी लागते. मात्र तो सावकाश तापवतो. ऐन वेळी बटण दाबून भागत नाही, तो सतत चालू ठेवावा लागतो. नाशिकहून आलेल्या कारागिराने हे मला दोनदा समजावले. दुसऱ्या खेपेला मी त्याला थांबवले. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला एकदा सांगितलेले पुरते.

बाळाच्या पाचवीला खोडाळ्याहून सोयरे आले. त्यांच्या अंघोळींत टाकी उपसली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या साखरशेतच्या बाईने मुलीला तेल चोळून घेतले, बादलीत कोपर बुडवले आणि मला हाक मारली.

“गुरुजी, ह्या पाण्यात पोर न्हायाची का मासं सोडायचं?”

मुलगा तयारच होता. “मी सांगत होतो. ही फॅडं शहरात ठीक. दुपारी माणूस बोलावतो आणि गिझर परत लावतो.”

“तुला यंत्रातलं काय कळतं?”

“पाणी गार आहे एवढं कळतं, बाबा.”

“अहो, रात्री लाइट गेली होती,” पत्नी मध्येच म्हणाली. “त्यात कुणाचा काय दोष?”

मुलगी गोधडी पांघरून भिंतीला टेकली होती, बाळ रडत होते आणि मागच्या चुलीवर पातेले चढले होते. मी न्हाणीपासून ओटीपर्यंत आणि ओटीपासून न्हाणीपर्यंत येरझारा घालत होतो. वीज गेलेली नव्हती. फ्रीजमधला बर्फ जसाच्या तसा घट्ट होता. यंत्रही चालू होते, घुमत होते, पण टाकी नुकतीच तापू लागली होती. मग रात्रभर ते काय करत होते? मी पत्नीकडे पाहिले. तिने पातेल्यावरचे झाकण उगाच सारखे केले.

तेव्हा मला उमगले. न्हाणीतून बाहेर पडेल त्याने बटण बंद करायचे, हा आमच्या घरचा दंडक. तो मीच घातला. लहानपणी या मुलांना ओल्या अंगाने परत पाठवून मी बटणे बंद करायला लावली आहेत. आदल्या संध्याकाळी शेवटची अंघोळ माझी होती. हाताने आपले काम केले; मला कळलेही नाही. पहाटे पत्नीने ते पाहिले, गुपचूप बटण लावले आणि माझी अब्रू झाकायला वीज घालवली.

मी गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. यंत्र मात्र गेले असते. आणि ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना पुन्हा त्या गिझरच्या कोमट पाण्यावर काढावा लागला असता.

“वीज गेली नव्हती,” मी सर्वांदेखत म्हणालो. “बटण मी बंद केलं.”

मुलगा हसला. “म्हणजे यंत्र नाही, तुम्हीच बिघडलात!”

“मला दुरुस्त कर. त्याला कशाला काढतोस?”

निवाडा मुलीने दिला. “भांडू नका. एक दिवस देते. उद्या पाणी कढत नसेल, तर गिझर.”

त्या दिवशी मला कुठेच बसवले नाही. वाचायला घेतले, ठेवले. बाजारात निघालो आणि कोपऱ्यावरून परतलो. दर थोड्या वेळाने नळीला हात लावून पाहत होतो. जेवतानाही कान त्या घुमण्याकडेच होते.

सकाळी साखरशेतच्या बाईने पुन्हा कोपर बुडवले आणि झटक्यात वर काढले.

“आई गं! गुरुजी, विसण आणा, विसण! पोर भाजंल!”

विसणासाठी गार पाण्याची बादली मी स्वतः उचलून दारापर्यंत नेली. मुलगा ओटीवरून बघत होता. आतून वाफ येत होती.

“बाबा, बादली ठेवा आणि जा ना आता,” मुलगी आतून ओरडली. “सकाळपासून सात वेळा दारावर आलात.”

सात नव्हे. चार वेळा आलो होतो.