अनवाणी तडितसेन

आमचे भाऊजी गुणवंतराव, म्हणजे माझ्या कुमुदताईचे यजमान, यांना डोक्यातून चित्र काढता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण दिल्लीतल्या मराठी मंडळींनी एकदा गणेशोत्सवात त्यांना थोर कलावंत म्हणून शाल-श्रीफळ दिलं होतं. कलावंत वगैरे ठीक आहे, पण हा माणूस समोर दिसेल तेवढंच काढतो. गोष्टीत घोडा आला तेव्हा टांग्याचा घोडा बघायला ते मला घेऊन जुन्या दिल्लीत गेले आणि इतका वेळ काढत बसले की घोड्याच्या आधी टांगेवाला कंटाळला.

नोकरीने ते आरेखक. केंद्र सरकारच्या एका खात्यात दिवसभर पुलांचे आणि नाल्यांचे नकाशे काढायचे, आणि संध्याकाळी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये चहा झाला की तडितसेन. तडितसेन हा त्यांचा नायक. एका लहान प्रकाशकाच्या हिंदी चित्रकथांमधून तो गुंडांना बडवायचा. गोष्ट भाऊजी रचायचे, हिंदी संवाद प्रकाशकाचा माणूस सरळ करून घ्यायचा. यासाठी त्यांनी ऑफिसची रीतसर परवानगी काढली होती. शिंकायचं झालं तरी अर्ज करून शिंकेल असा हा माणूस.

तडितसेन विजेच्या तारांतून ताकद घ्यायचा. ज्या दिल्लीत तेव्हा रोज संध्याकाळी बत्ती गुल व्हायची, तिथे विजेवर चालणारा नायक काढणं म्हणजे कमालच. पण पोरांना ते बिल्कुल पटायचं. तो ऐन जिंकत आलेला असताना लाइट जायची आणि त्याचे हातपाय गळायचे. वाचणारी पोरंही तेव्हा मेणबत्तीपाशीच बसलेली असायची.

आता समोर दिसल्याशिवाय काढता येत नाही म्हटल्यावर कुणीतरी समोर उभं राहायला हवं. ते काम ताईचं आणि माझं. मी नुकताच नोकरीला लागून दिल्लीत आलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. माझा चेहरा बघून भाऊजींनी क्षणाचाही विचार न करता मला खलनायक केलं. शिवाय मला एका जागी स्थिर उभं राहता येत नाही. ताई मात्र एकदा उभी राहिली की कुकरची शिट्टी होवो, दारात दूधवाला येवो, पापणीसुद्धा हलवायची नाही. म्हणून तडितसेन ती. छाती, दंड, मिश्या भाऊजी नंतर चढवायचे, पण उभं राहण्याची ढब सगळी ताईची. तिच्या बांगड्या, मंगळसूत्र आणि पायातली जोडवी तेवढी ते गाळायचे, आणि तेवढं गाळतानाही त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

तडितसेन अनवाणी का, यावर वाचकांची पत्रं यायची. कुणी लिहायचं, तो जमिनीतूनही वीज खेचतो. खरी गोष्ट एवढीच की ताई घरात कुणाला चप्पल घालू द्यायची नाही.

शेवटचा अंक मला चांगला आठवतो. सगळ्या शहराची वीज गेली आहे. तडितसेनमध्ये उभं राहायचंही त्राण नाही, तो एका लाकडी फलाटावर बसला आहे, त्याचे हात पुढे दोराने बांधलेले आहेत. समोर दुधारा. हा भाडोत्री मारेकरी, दोन पाती घेऊन फिरणारा. एक पातं त्याने फेकलं, ते नेम चुकून तडितसेनच्या पायापाशी फळीत रुतलं. दुसरं त्याने उगारलं, आणि तिथे अंक संपला.

दुधारा अर्थात मीच होतो. उगारायला लाटणं दिलं होतं. पण फळीत रुतलेलं पातं काढायचं कसं? घरात तलवार नव्हती. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि ताईची विळी समोर ठेवली. विळीचा पाट म्हणजे आयती फळीच. अंक छापून आला तेव्हा मी पोट धरून हसलो. पातं पुढे वाकलेलं, आणि धार मारेकऱ्याऐवजी नायकाच्या बाजूला. विळीची धार बसणाऱ्याकडेच असते, ती त्यांनी तश्शी उतरवली होती. मी म्हटलं, भाऊजी, दुधारा खून करायला आलाय की गवार चिरायला? आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांनीही ताईला विचारून भंडावून सोडलं. भाऊजी फुगून बसले. समोर होतं ते काढलं, एवढंच म्हणत राहिले. हिंदी वाचकांच्या काही लक्षात आलं नाही, त्यांना ते कुठलंसं भयंकर हत्यार वाटलं.

पुढचा अंक निघालाच नाही. घरोघरी केबल आलं, चित्रकथा कोण वाचतो, प्रकाशकाने दुकान आवरलं. भाऊजी पुढे रिटायर झाले आणि फरीदाबादला मुलाकडे, सुधन्वाकडे राहायला गेले. मी दिल्लीतच, मुनिरक्याच्या फ्लॅटमध्ये. पण कधी लग्नकार्यात एखादा टक्कल पडू लागलेला गृहस्थ त्यांना ओळखायचा आणि विचारायचा, अंकल, तडितसेन का क्या हुआ? भाऊजी ‘देखते हैं’ म्हणायचे आणि मग जेवणात त्यांचं लक्ष नसायचं. एकदा परतताना मेट्रोत ते मला म्हणाले, “सुधाकर, माझं सगळं नीट पार पडलं रे. पण त्याला मी तसाच बांधून ठेवून आलो.”

गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. सौम्यच होता, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र नावापुरता राहिला. बोटांत काही धरता यायचं, पण मनगट हलवायला गेलं की हात झोकांड्या खायचा. व्यायामाला ते नाही म्हणायचे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

नेमकी अशा वेळी देविका आली. चष्मेवाली, बोलायला गोड मुलगी. माझ्याच मुनिरक्यात एका खोलीत तिचं प्रकाशन चालतं. जुन्या हिंदी चित्रकथांचे हक्क घेऊन ती त्या नव्याने काढते. तडितसेनचे अंक तिने लहानपणी भावाच्या गठ्ठ्यातून वाचले होते. तिला शेवटचा भाग हवा होता, पुस्तक मेळ्याच्या आधी. भाऊजींनी काढला तर उत्तमच. नाहीतर तिच्याकडे दुसरा चित्रकार होता आणि त्याने शेवटही सुचवला होता. दुधारा वार करतो आणि तडितसेनला वीरगती मिळते. आजकल ऐसा एंड चलता है, असं ती जरा चाचरतच म्हणाली.

भाऊजींनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, मार दो. देविका गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्यांना बरंच सुनावलं. एवढी वर्षं जेवताना ज्याची आठवण काढलीत, त्याला परक्याच्या हातून मारू देताय? मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा थंडी पडली होती. बाल्कनीत थोडं ऊन होतं. सूनबाई देवयानी आत लॅपटॉपवर. तिच्या स्वयंपाकघरात सुऱ्या आणि चॉपिंग बोर्ड आहे, पण ताई भाजी आपल्या विळीवरच चिरते, उन्हात, एक पाय मुडपून खाली बसून. तीच ती विळी. भाऊजी खुर्चीत. ताईने त्यांच्यासमोर मटार ठेवले होते, बोटांना व्यायाम म्हणून, आणि ते डाव्या हाताने सोलत होते. मी म्हटलं, उजव्याने सोला. ते चिडले. तो चालत नाही, दिसत नाही का तुला, म्हणाले.

ताई कोबी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, “अहो, नाही चालत तर नका चालवू. मी कुठे विळी चालवते? विळी बसलेली असते, मी भाजी चालवते.”

ती हे काही मोठं सांगायचं म्हणून बोलली नव्हती. पुढच्याच वाक्यात तिने कोबी किती महाग झालाय ते सांगितलं. पण भाऊजींचं मटार सोलणं थांबलं. ते बराच वेळ तिच्या हातांकडे बघत बसले. मग मला म्हणाले, कपाटावरचा माझा ड्रॉइंगचा बोर्ड काढ.

मला आधी वाटलं यांच्या डोक्यावरही परिणाम झाला. त्यांनी उजव्या मुठीत पेन धरलं, मनगट बोर्डाच्या कडेला टेकवलं आणि वर माझा मफलर गुंडाळून मला ते घट्ट बांधायला लावलं. पेन हलू द्यायचं नाही. मग डाव्या हाताने त्यांनी खालचा कागद सरकवला. पुढे, मागे, जरा फिरवून. पेनाखाली एक रेघ उमटली. वेडीवाकडी होती, पण जिथे जायला हवी तिथे जात होती. त्यांनी कोबी काढला. अर्धा चिरलेला. कोबीच वाटत होता.

ताईने बघितला आणि म्हणाली, देठ मोठा झालाय. मग ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. मोलकरीण घासून गेली होती.

त्यानंतर मी रोज फरीदाबाद गाठू लागलो, कारण दुधाराशिवाय काम होईना. सत्तरी जवळ आलेला मी हातात लाटणं उगारून सोसायटीच्या बाल्कनीत उभा. समोरच्या टॉवरमधल्या लोकांनी काय समज करून घेतला असेल देव जाणे. पण खरी अडचण वेगळीच होती. तडितसेन सुटणार कसा? मी म्हटलं, लाइट आणा की ऐन वेळी. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट लाटणं पुन्हा उगारलं. लाइट काय, कुणीही आणेल, म्हणाले. मग नायक कशाला पाहिजे.

ताई जुना अंक पुढ्यात घेऊन पोझमध्ये बसली होती. हात देवयानीच्या ओढणीने बांधलेले, पायापाशी विळी. बसल्या बसल्या तिने सवयीने उजवा पाय विळीच्या पाटावर दाबला. बांधलेले हात पुढे नेले, ओढणी पात्याला लावली आणि पुढे ढकलली. ओढणी टर्रकन फाटली. आतून देवयानी धावत आली.

ताई मोकळे हात बघत म्हणाली, “मला कुणी बांधलं असतं तर मी असंच केलं असतं.”

मी भाऊजींकडे पाहिलं, ते माझ्याकडे. ज्या धारेवरून मी त्यांचं मंडळभर हसं केलं होतं, ती धार नायकाच्या बाजूला होती म्हणूनच आता तो सुटत होता. भाऊजींनी मला टोमणा मारायला हवा होता, तो त्यांचा हक्कच होता. पण ते एवढंच म्हणाले की लाटणं जरा वर धर, आणि कागद सरकवायला लागले.

पानं पुरी व्हायला हिवाळ्याचा बराच भाग गेला. देविका पानं न्यायला आली तेव्हा मीही मुद्दाम हजर राहिलो. ती एकेक पान उलटत होती आणि भाऊजी डाव्या हाताने उजवा चोळत होते. रेघा थरथरत्या होत्या, ते लपण्यासारखं नव्हतं. पण ताकद गेलेला माणूस तशाच रेघांचा असणार ना. अंधारात बसलेला तडितसेन फळीवर पाय दाबून दोर कापतो, हात मोकळे होतात, आणि अंगावर आलेलं दुधाराचं मनगट तो त्या हातांनी धरतो. धरतो आणि सोडत नाही. वीज शेवटपर्यंत येत नाही.

देविका पायाच्या चित्रापाशी थांबली. मोठं चित्र होतं, पानभर. फळीवर दाबलेला अनवाणी पाय, शेजारी वाकडं पातं. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, “अंकल, ये तो बिछिया है.”

मी वाकून पाहिलं. तडितसेनच्या पायाच्या बोटात जोडवं होतं. वेढ्यासकट, अगदी ताईचं. मी घाईघाईने म्हटलं की राहून गेलं असेल, एरवी ते गाळतात, आता वय झालं. देविका म्हणाली की हरकत नाही, कॉम्प्युटरवर ती क्षणात काढून टाकेल. हटा दूँ?

“नहीं,” भाऊजी म्हणाले. “जो सामने था, वही बनाया है. इतने साल नहीं बनाया, वो गलत था.”

देविकाने पान तसंच गठ्ठ्यात ठेवलं. मला भरून आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही. समोर ताई खुर्चीत बसली होती. तिने पाय हळूच साडीखाली ओढून घेतला. इतक्या वर्षांत तडितसेनला लाजलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.