कार्बुरेटरातली अक्षता

शिकवणाऱ्याच्या नशिबी काय वाढून ठेवलेलं असतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या भानगडीत पडलोच नसतो. मुंबईला विमानांच्या कारखान्यात मी मिस्त्री होतो, घर कर्जतला. रविवारी घरी यायचो आणि ओटीवर बसून धाकट्या भावाला विमानाचं इंजिन शिकवायचो. हौस म्हणून नव्हे हो! धाकटा भाताच्या गिरणीत तेलाच्या इंजिनावर होता, आणि खोपोलीकडून विजेच्या तारा गावाकडे सरकत होत्या. गिरणीच्या मालकानं स्पष्ट सांगून टाकलं होतं, की पुढच्या पावसाळ्याआधी विजेची मोटर बसणार. मोटरीला बटण लागतं, मिस्त्री लागत नाही. म्हणजे धाकटा, त्याची बायको आणि दोन लेकरं उघड्यावर. त्याला माझ्या कारखान्यात चिकटवल्याशिवाय दुसरी वाट नव्हती.

शिकवायला म्हणून मोडीत निघालेलं एक इंजिन मी हातापाया पडून आणलं होतं. पण विमानाच्या धंद्यात कशाला धीर म्हणून नाही. पाण्यानं थंड होणारं इंजिन त्याला जरा कुठं समजलं, तोवर कारखान्यात वाऱ्यानं थंड होणारी आली. ती मलाच नीट कळायच्या आत त्यांचीही रचना बदलली. वरचे लोक आमच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवायचे आणि सांगायचे, वाचून घ्या. अहो, वाचून कधी कुणाला पोहता आलंय? आठवडाभर मी तिथं ठेचा खायचो आणि रविवारी ते अर्धंमुर्धं ज्ञान धाकट्याच्या डोक्यात कोंबायचो.

आणि धाकट्याचा हात म्हणजे अस्सल गिरणीचा हात. नट आवळायचा तो अंगात असेल तेवढा जोर लावून. सांधा गळला की सुतळी गुंडाळायची आणि वर सफेदा फासायचा. विमानात हे चालत नाही, नट तुटतो, सुतळीचा धागा पेट्रोलच्या नळीत जातो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी! गळतंय तर बांधायचं नाही तर काय करायचं, असं तो शांतपणे विचारायचा आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची. शेजारीपाजारी ओटीखाली उभे राहून आमची मजा बघायचे. पण थंडी सरता सरता त्याचा हात बदलला, हे मात्र खरं. किती आवळायचं ते बोटांना कळू लागलं. नट सैल पडू नये म्हणून प्रत्येकाला तारेचा पीळ घालायला तो विसरेना.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याच कारखान्यातलं एक विमान इंजिन बंद पडून कर्जतशेजारच्या कडावजवळ भाताच्या कापलेल्या खाचरात उतरलं. वैमानिक अगदी कोवळा, नुकतंच मिसरूड फुटलेला. खरचटण्यावर निभावलं. दुरुस्तीला आमचा गोरा साहेब आणि मी आलो. जोडीचा मिस्त्री तापानं पडला होता, म्हणून मी धाकट्याचं नाव पुढं केलं. साहेबानं त्याचं काम नुसतं उभं राहून बघितलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, विमान नीट उडालं तर याला महिन्याच्या पहिल्या तारखेपासून कामावर आण. धाकट्याच्या बायकोनं त्याच संध्याकाळी मुंबईला न्यायची भांडी वेगळी काढली.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी बांध फोडून विमानाला धावायला वाट करून दिली. धाकट्यानं कार्बुरेटर खोलून, धुऊन जागेवर बसवला होता. झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. साहेब आणि मी चाकं बघायला वळलो. आता आमच्याकडे गिरणीत रिवाज असा, की खोललेलं इंजिन पुन्हा सुरू करायच्या आधी त्याला हळदकुंकू लावायचं, अक्षता वाहायच्या, मगच चाक फिरवायचं. गिरणीचं धूड ते, चार दाण्यांनी त्याचं काय बिघडतं? धाकट्यानं इथंही तेच केलं. मन लावून पूजा केली आणि झाकण लावलं.

पंखा फिरवला, इंजिन लागलं. वैमानिकानं वेग वाढवला तसं ते धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. साहेबानं स्वतः झाकण काढलं आणि चाकूच्या टोकानं तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. पेट्रोल यायच्या भोकावरच बसला होता. मी कपाळावर हात मारून घेतला. पण साहेबानं विचारायच्या आत मी बोलून गेलो, की साहेब, भाताची शेतं ही, वाऱ्यानं आला असेल. साहेबाला ते पटतही होतं.

"शेतातला नाय तो," धाकटा म्हणाला. "शेतातल्याला तूस असतं. हा माझ्या पूजेतला हाय."

गप्प बसायला काय जात होतं त्याचं! हातातोंडाशी आलेला घास. साहेबाला मराठी कळायचं, बोलता यायचं नाही; मला दुभाष्या करून त्यानं धाकट्याला एवढंच विचारलं, की पुन्हा असं करशील का. मी मराठीत विचारता विचारता त्याला डोळ्यानं खुणावलं, नाही म्हण बाबा, नाही म्हण. त्यानं नीट विचार केला.

"झाकण लावून मग करीन."

साहेबाला 'नाही' ऐकायचं होतं. कामाबद्दल तक्रार नाही, पण असा माणूस आपल्याला परवडणार नाही, असं म्हणून त्यानं विषय मिटवला. विमान उडालं. माथेरानच्या डोंगराआड दिसेनासं होईपर्यंत धाकटा हात जोडून उभा होता.

परतीच्या वाटेवर मी त्याच्यावर तुटून पडलो. वर्षभराचे रविवार, माझा घसा, त्याच्या बायकोनं काढलेली भांडी, सगळं काढलं. तो ऐकत चालला होता. मी दमल्यावर बोलला.

"दादा, गिरणीत माझं चुकलं तर कणी जास्त पडते. इथं तो पोरगा पडला असता. भ्या वाटलं रं. भ्या वाटल्यावर काय करायचं, ते तू नाय शिकवलंस."

मी आणखीच चिडलो. घरापर्यंत त्याच्या दहा पावलं पुढं चालत राहिलो.

पावसाच्या आत गिरणीत मोटर बसली आणि धाकटा खालापुराकडे रस्त्याच्या खडीवर मजुरीला गेला. कारखान्यातली जागा शहरातल्या एका शिकलेल्या माणसाला मिळाली. ते जाड पुस्तक त्याला पाठ होतं. त्याच्या कामात खोट काढायला मी टपून बसलेला असायचो, पण सापडायची नाही. त्यानं जोडलेलं पहिलं इंजिन घेऊन तोच कोवळा वैमानिक वर गेला, तेव्हा आम्ही सगळे शेडबाहेर येऊन माना वर करून बघत होतो. तो नवा मिस्त्री आत चहा पीत बसला होता.