जहाज ठरलं, आबांचं काही ठरेना

मंडळी, आज खरंच दमले. आई-आबांना उत्तरेच्या आकाशातला तो हिरवा उजेड दाखवायचा म्हणून महिनाभर नॉर्वेची जहाजं बघतेय. मोठ्या जहाजावर दिव्यांचाच लखलखाट, त्यात आकाशातला उजेड कसला दिसणार! शेवटी आज सकाळी किनाऱ्यानं गावोगाव थांबत जाणारं एक छोटं जहाज निवडलं आणि गावी पणदऱ्याला आई-आबांना फोन लावला.

आबा म्हणाले, "जानेवारीत? आन् तवाच तोड आली तर? ऊस फडात उभा टाकून कुठं जायचं? त्यो उजेड उन्हाळ्यात न्हाय का दिसत?"

न्हाय दिसत, आबा.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "मी एकटीच आले तर चालंल का गं?"

महिनाभरात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारता का आईला?