अण्णांच्या आणि माझ्या तारा

दहावीची परीक्षा संपली आणि माझ्या दातांना तारा लावायचं ठरलं. माझा डावीकडचा सुळा बाकीच्या दातांच्या डोक्यावर चढून बसला होता आणि पुढचे दोन दात भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ करून उभे होते. वडील मला स्कूटरवर मागे बसवून मल्लेश्वरमला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. आम्ही वडलांना अण्णा म्हणायचो. आमचं मूळ गाव बेळगावकडचं, पण माझा जन्म बंगळूरच्या यशवंतपूरचा. अण्णा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधलं जे काही असेल ते आईशी बोलताना.

डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड तपासलं, दातांचे साचे घेतले आणि सगळं समजावून सांगितलं. अण्णा कशावरून तरी मोठ्याने हसले. बाई बोलता बोलता थांबल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सार, तुम्ही जरा बसता का खुर्चीत?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

अण्णांना नाही म्हणता आलं नाही. बाईंनी आरसा घालून खालचे दात बघितले. ते एकाच बाकावर सहाजण कोंबून बसवल्यासारखे होते. हिरडीला नुसती सळई लागली तर रक्त आलं.

"सुपारी खाता?"

"स्वल्प," अण्णा म्हणाले.

बाईंनी त्यांच्या दातांच्या रंगाकडे बघितलं आणि त्या 'स्वल्प'वर वाद घातला नाही. दात एकमेकांवर चढल्यामुळे मधे ब्रश पोचत नाही, तिथे अन्न अडकतं, कीटण साचतं, हिरड्या सुजतात आणि हळूहळू दात सैल होतात, असं त्यांनी सांगितलं. खालचा एक दात हलायला लागलाच होता. आधी हिरड्यांवर उपचार करायचे, सुपारी बंद करायची, हिरड्या घट्ट झाल्या तर मग तारा लावता येतील.

"या वयात तारा?" अण्णांनी विचारलं. ते तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते.

"मुलीचं दिसण्यासाठी आहे. तुमचं दात टिकण्यासाठी आहे," बाई म्हणाल्या. "वयाची अट नाही. हिरड्यांची आहे."

घरी आल्यावर अण्णांनी आईला हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने मळणं थांबवलं नाही. "म्हणजे एका घरात दात येणारी दोन बाळं," एवढंच म्हणाली.

माझ्या तारा लगेच लागल्या. अण्णांच्या लागायला पावसाळा उलटला. तेवढ्या काळात त्यांनी सुपारी सोडली. हे लिहायला सोपं आहे, आम्हाला बघायला अवघड होतं. जेवण झालं की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मग ते कोणावर तरी चिडायचे. बडीशेप झाली, लवंग झाली, शेवटी ते जेवल्यावर सरळ फिरायला निघून जायला लागले. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी सळई लावून बघितली तर रक्त आलं नाही. त्यांच्याही दातांवर चौकोनी चकत्या चिकटल्या, त्यांतून तार ओवली गेली आणि अण्णा स्कूटर चालवत घरी आले ते ओठ घट्ट मिटून.

तार दर महिन्याला आवळली जायची. तो दिवस आणि त्यापुढचे एक-दोन दिवस काही चावता येत नसे. आईच्या ज्वारीच्या भाकऱ्या आम्ही आमटीत बुडवून, भिजवून, चमच्याने खायचो आणि आईला तो भाकरीचा अपमान वाटायचा. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांनी एकदा जिन्यात आईला थांबवून विचारलं, "मग मुद्दे का नाही करत?"

मुद्दे म्हणजे नाचणीचा उकडलेला गरम गोळा. तो साराबरोबर खातात, आणि मुख्य म्हणजे चावत नाहीत, सरळ गिळतात. आमच्या आईने इतकी वर्षं बंगळूरात काढली, पण मुद्देला घरात येऊ दिलं नव्हतं. "तो काय घास आहे का, गोळी आहे," असं तिचं मत. त्या दिवशी मात्र ती अक्कांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकली. पहिला गोळा इतका चिकट झाला की अण्णांच्या ताराच त्यात अडकतात की काय असं वाटलं. अक्का वर बघायला आल्या. "अक्का, पाणी स्वल्प जास्त झालं," असं आई म्हणाली तेव्हा मी आणि अण्णांनी एकमेकांकडे बघितलं. ती सहसा स्वतःच्या स्वयंपाकात चूक काढत नसे. पुढे ती फार सुरेख मुद्दे करायला लागली आणि तारा आवळायचा दिवस म्हणजे मुद्देचा दिवस ठरून गेला.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र आमच्या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अण्णांनी ते काम मशीनच्या देखभालीसारखं अंगावर घेतलं. प्रत्येक खाण्यानंतर दात घासायचे, चकतीच्या वर वेगळं, खाली वेगळं, आणि तारेखालून बारीक ब्रश फिरवायचा. तो ब्रश दुधाची बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसायचा. मी सकाळी नीट घासायचे, रात्री झोपेत घासायचे आणि दुपारी कॉलेजात नुसती चूळ भरायचे. कॉलेजच्या बेसिनपाशी कायम मुलींची गर्दी असायची. तिथे तोंडात फेस घेऊन उभं राहायचं, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. डबा व्हायचा, वर कॅन्टीनमधलं गोड सरबत व्हायचं, आणि ते सगळं संध्याकाळपर्यंत तारांमध्ये मुक्कामाला राहायचं.

डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी आम्हाला लाल गोळ्या दिल्या. गोळी चावून तोंडभर फिरवायची. जिथे दात स्वच्छ नसतील तिथे गुलाबी रंग बसतो, मग तो जाईपर्यंत घासायचं. रविवारी सकाळी आम्ही दोघांनी आरशापुढे उभं राहून गोळ्या चावल्या. अण्णांच्या दातांवर कडेकडेला फिका रंग आला. माझं तोंड होळी खेळून आल्यासारखं झालं. आम्ही मान खाली-वर करून एकमेकांचे दात तपासत होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली. अण्णांनी तसंच दार उघडलं. अक्का पूजेचं आमंत्रण घेऊन आल्या होत्या. त्यांनी अण्णांचं लाल तोंड बघितलं, मागे उभं असलेलं माझं त्याहून लाल तोंड बघितलं, आणि कुंकवाची वाटी हातात धरून म्हणाल्या, "तुम्ही पान-सुपारी सोडलीत असं ऐकलं होतं. आता मुलगीही खाते?"

अण्णा समजावून सांगायला लागले तर जास्तच लाल थेंब उडाले. शेवटी आईने पुढे होऊन सगळं सांगितलं. अक्कांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण पूजेच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना विडा दिला नाही.

त्या गोंधळात माझ्या गुलाबी दातांचा विषय मागे पडला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी माझा ओठ वर केला. हिरड्या सुजून चकत्यांवर आल्या होत्या. बाईंनी पकड घेतली आणि माझी तार सोडवून काढली.

"झालं का काम?" मी विचारलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

"नाही. थांबवलंय," त्या म्हणाल्या. "अशा हिरड्यांवर मी दात सरकवणार नाही. आणि हे बघ." त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. सुळ्यावर चकतीच्या कडेला एक पांढुरका डाग होता. "इथून कीड सुरू होते. आता घासलंस तर इथेच थांबेल. नाहीतर दात सरळ होतील, पण डागांचे होतील. हिरड्या बऱ्या झाल्या की ये, तार परत घालू."

शेजारच्या खुर्चीत बाईंची मदतनीस अण्णांची तार आवळत होती. त्यांचं सगळं उत्तम होतं.

परतताना अण्णांनी यशवंतपूरला न जाता सँकी तळ्याच्या काठाला स्कूटर लावली. आम्ही तिथल्या कट्ट्यावर बसलो. मला वाटलं, आता ओरडतील.

"कॉलेजात दुपारी घासत नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या बघतात."

"हं. मी पहिल्या आठवड्यात गोडाउनच्या मागे जाऊन घासायचो. भंगार ठेवतात ना, तिथे. माणसं माझ्या हाताखाली काम करतात, आणि मी लहान पोरासारख्या तारा लावून फिरतोय. एकदा आमचा वॉचमन तिथे आला. त्याला वाटलं, मला उलट्या होतायत. तो पाणी घेऊन आला, लिंबू घेऊन आला, ऑफिसात कळवून आला. मालक स्वतः बघायला आले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसमोर नळावर. चार दिवस हसले. पाचव्या दिवशी एकजण विचारायला आला, माझा पण दात हलतोय, कुठल्या डॉक्टरकडे जाता?"

मला हसू आलं. रडूही आलंच होतं, ते दोन्ही एकदम झालं. अण्णांनी रुमाल दिला आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी मी डबा खाऊन ब्रश घेऊन बेसिनपाशी गेले. दोघी-तिघींनी वळून बघितलं. एक जण म्हणाली, "अय्यो, इथे घर केलंस का?" मी तोंडात फेस असल्यामुळे उत्तर देऊ शकले नाही, हे एका अर्थी बरंच झालं. काही दिवसांनी माझ्या शेजारी वाणिज्य शाखेची एक उंच मुलगी येऊन उभी राहिली. ती कधी बोलताना दिसायची नाही, हसायची तर तोंडावर हात घेऊन. तिने पर्समधून ब्रश काढला आणि ओठ उघडले तर आत तारा. "मी इतके दिवस दुपारी जेवायचेच नाही," ती म्हणाली. "म्हणजे घासायला नको." त्यानंतर आम्ही दोघी डबा एकत्र खायचो आणि बेसिनपाशी एकत्र जायचो. तिला एकटीला बारीक ब्रश जमायचा नाही, मी तिला शिकवला.

हिरड्या बऱ्या झाल्या, तार परत आत गेली. पण जो वेळ गेला तो गेला. अण्णांच्या तारा माझ्या आधी निघाल्या. त्या दिवशी ते सारखी जीभ दातांवरून फिरवत होते. घरी आल्यावर आईने त्यांना खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि म्हणाली, "दाखवा." त्यांनी दात दाखवले. आई बराच वेळ बघत राहिली. मग "बरे दिसता हो," म्हणाली आणि आत निघून गेली. अण्णा कानापर्यंत लाल झाले.

माझ्या तारा पुढच्या वर्षी निघाल्या. सुळ्यावरचा डाग तेवढाच राहिला, वाढला नाही. अजून आहे, ओठ मागे ओढला तर दिसतो.

तारा काढायच्या दिवशी आई आमच्याबरोबर आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिलाही खुर्चीत बसवलं. तिच्या दाढेत दोन खड्डे निघाले, त्यातला एक चांगलाच खोल होता.

"दुखत नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"दुखायचं की," आई म्हणाली. "पण घरात आधीच दोघं होते."

पुढच्या आठवड्यात तिची दाढ भरायची होती. अण्णांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला स्कूटरवर मागे बसवून ते मल्लेश्वरमला घेऊन गेले. मी घरी राहिले. दोघं परत आले तेव्हा आईचा अर्धा गाल बधिर होता आणि ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. मी तिला बसवलं आणि पाणी उकळायला ठेवून नाचणीचं पीठ काढलं.