गाजरगवताचं अंथरूण

लोणंदजवळच्या आमच्या वाडीत खुरपणीला हरणाबाईचा हात धरणारी बाई नव्हती. तिच्या पातीला, म्हणजे खुरपायच्या ओळीला, कुणाची पात टिकायची नाही, आणि तिच्या तोंडापुढे तर कुणीच नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर रुळांच्या कडेनं एक नवं गवत आलं. गाजरासारखा पाला, बारकी पांढरी फुलं. गुरं तोंड लावेनात. बघता बघता बांध, उकिरडे, पडीक रानं त्यानं गिळली. हरणाबाई ते उघड्या हातांनी उपटायची.

मग हात खाजू लागले. मान, पापण्या सुजल्या, कातडीला चिरा पडून पाणी गळू लागलं. गावानं निकाल दिला, महारोग! शिकलेले सरपंचही त्यातलेच. नवरा अर्जुना मनानं चांगला, पण गावापुढं त्याची शेळी झाली. त्यानं बायकोला रानातल्या खोपटात नेऊन ठेवलं. भोवती कमरेएवढं तेच गवत होतं.

लेक विजयमाला तेवढी रोज जायची. देवी आलेल्या माणसाखाली आपल्याकडं कडुलिंबाचा पाला अंथरतात. लिंब तर दुष्काळात गुरांसाठी ओरबाडलेले. मग ही माउली ते हिरवंगार गवत कापून आईच्या गोधडीखाली पसरायची.

"गार वाटतंय का गं, आये?"

"लय गार," हरणाबाई म्हणायची, आणि लेकीची पाठ वळली की अंग ओरबाडायची.

मी त्यांचा शेजारी; शेवटी माझं डोकं फिरलं. अर्जुनाला चार शिव्या हासडल्या आणि तिघांना एस.टी.त घालून साताऱ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी चट्ट्यांना सुई टोचली. हरणाबाई कळवळली.

"महारोगाचा चट्टा बधिर असतो, हिला दुखतंय. हा महारोग नाही. गाजरगवत बाधलंय. त्याचा वाराही लागू देऊ नका."

अर्जुना आनंदानं रडू लागला. विजयमाला पांढरीफटक पडली.

"आये, मीच गं अंथरलं त्ये."

"तुला काय ठावं व्हतं, बाय?" म्हणत हरणाबाईनं तिचा हात जवळ ओढला. मनगटावर लाल पुरळ उठलं होतं. जन्मात कुणापुढं न वाकलेली ती बाई डॉक्टरांच्या पायांवर कोसळली.

"माजं ऱ्हाऊ द्या. हिला वाचवा!"

डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, "मलमानं आराम पडेल, पण दोघींना हे गवत नसलेल्या गावी ठेवा."

परतताना लोणंदपर्यंत मी खिडकीतून बघत आलो. तसं गाव एकही लागलं नाही.