लशीची अब्रू राखणारा गॉडफ्री

आमच्या शेजारचा गॉडफ्री आपोलिस द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये खोकी चिकटवतो. बेचाळीस वर्षांत त्याला कुणी कशात मोजलं नव्हतं. मग दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या आमच्या या खोऱ्यात क्षयाच्या नव्या लशीची चाचणी आली, याच्या दंडात सुई गेली, आणि गड्याचे पाय जमिनीला लागेनात.

दंडावरची पट्टी नऊ दिवस काढली नाही. ती काळी पडली तरी बाही दुमडून चर्चला यायचा. चाचणीवाल्यांनी दिलेला थर्मामीटर शर्टाच्या खिशात, पेनासारखा खोचलेला.

"तान्नी लेटी, उद्या जगभरची पोरं वाचतील ती या दंडामुळं," त्यानं मला ऐकवलं; तान्नी म्हणजे आमच्याकडं मावशी.

"निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलंय म्हणे. तुला कुठलं, ते तुला काय ठाऊक?"

"दोन दिवस दुखला की दंड! पाण्यानं दुखतो होय?"

चाचणीच्या सिस्टर नोझुको दर महिन्याला त्याच्या घरी येऊन विचारायच्या. खोकला? ताप? घाम? हिवाळ्यात याला खोकला लागला. पातळ भिंत, मला सगळं ऐकू यायचं. पण सिस्टर यायच्या दिवशी हा मध घालून रूइबोसचा कढत चहा ढोसून बसायचा आणि म्हणायचा, "खोकला? छे! घोड्यासारखा आहे मी."

पट्टा दोन भोकं आत गेला होता घोड्याचा.

एकदा कपडे वाळत घालताना मी त्याला गाठलं. "खोटं का सांगतोस रे?"

"हळू बोला, तान्नी. मीच आजारी पडलो तर लशीचं नाव खराब नाही का होणार? एवढ्या शिकलेल्या लोकांची मेहनत!"

देवाने मला आयुष्यात पुष्कळ मूर्ख दाखवले, पण लशीची अब्रू झाकायला खोकला गिळणारा हा पहिलाच. आणि याच्याच अंथरुणात याची तीन वर्षांची शंतेल झोपते. लशीची अब्रू राखायची आणि लेकीच्या तोंडावर खोकायचं!

बुधवारच्या प्रार्थनेत हा साक्ष द्यायला उठला. "प्रभूनं आणि लशीनं मला राखलंय..." म्हणाला आणि जी उबळ आली, ती थांबेचना. लोक इतके भाविक की त्या खोकल्यालाही आमेन म्हणाले.

मी सकाळी सिस्टरना फोन केला. चहाडी पाप असेल तर माझ्या नावावर मांडावं.

त्या दुपारीच आल्या, त्याला मानानं ऊम, म्हणजे काका, म्हणत. "ऊम गॉडफ्री, दोन्ही गटांत किती जण आजारी पडतात ते पाहूनच लस चालते का ते कळणार. तुम्ही लपवलंत की आमची अख्खी मोजणी खोटी. थुंका या डबीत."

"म्हणजे मी लशीचं वाईटच करत होतो?"

"लशीचं राहू द्या. पोरीला कुठं झोपवता?"

तो डबीत थुंकला. मग म्हणाला, "पण सिस्टर, मला खरी टोचली होती ना?"

"ते मलाही माहीत नाही."

क्षयच निघाला. आता सहा महिने गोळ्या. शंतेलची तपासणी झाली. प्रभूची कृपा, तिला आजार नाही. होऊ नये म्हणून तीन महिने गोळी. ती कडू म्हणून थुंकते.

गॉडफ्री माझ्याशी बोलत नाही. त्याच्या मते मी त्याला जगापुढं उघडं पाडलं; जग म्हणजे आमची गल्ली. मात्र पोरीची गोळी कशात तरी कालवायला हवी म्हणून बायकोला वाटी देऊन माझ्याकडे पाठवतो. आज जर्दाळूचा जॅम दिला, वाटी भरून.