गरोदर स्त्रियांनी बसू नये

सातव्या महिन्यात कुणी थीम पार्कला जातं का? जातं. मी गेले. आणि तिथे काय करता येतं, काय नाही, हे तुमच्यापैकी कुणाच्या तरी कामी येईल म्हणून लिहायला बसले आहे. पार्कचं नाव देत नाही, त्यांनी मला तिकिटात एक रुपयाही कमी केला नाही, मग फुकटची जाहिरात कायले करू? यवतमाळहून कळंबच्या रस्त्याला लागलात की सिमेंटचा एवढा मोठा डायनोसॉर दिसतो. चुकणार नाही.

जायचं कसं ठरलं ते आधी सांगते. यंदा कापसाचं वर्ष पार बसलं. बोंडअळीने फरदड, म्हणजे शेवटच्या वेचणीचा कापूस, काही ठेवलीच नाही, त्यामुळे माझा नवरा मिलिंद ज्या जिनिंग मिलमध्ये फिटर आहे ती जानेवारीतच गार पडली. एरवी या दिवसांत तो घरी आलाच तर डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या रुईने पांढरा असतो. यंदा आपला बाजेवर पडून मोबाइल बघत होता. त्यात त्याने या पार्कचा व्हिडिओ दाखवला आणि मी म्हटलं, "मले इथं जायचं आहे." तो हसायलाच लागला. "लोकाच्या बायकोले चिचा लागतात, मह्या बायकोले पार्क लागते!"

हसला खरा, पण लगेच त्याने आईंकडे बघितलं. आई म्हणजे माझी सासू. आमच्या बोरी गावच्या अंगणवाडीत सेविका आहेत. गावातल्या कोणत्या बाईला कितवा महिना, कुणी लोहाची गोळी चुकवली, सगळं त्यांना तोंडपाठ. दुसऱ्यांच्या सुनांना दारात उभं करून विचारतील. माझ्याबद्दल मात्र घरात एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात आमचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून हे असं आहे. तेव्हा आम्ही गावभर सांगितलं होतं, आणि नंतर त्याच गावाला परत सांगत फिरावं लागलं. त्या बाळाविषयी नंतर घरात कुणी कधी बोललं नाही. या वेळी कुणाला सांगायचंच नाही, असंही कुणी ठरवलं नाही, पण ठरलं. मी मोठी ओढणी घेऊन हिंडायची. पोटात लाथा बसत होत्या आणि मी शेजारणीला 'अंगावर चढलं थोडं' असं सांगत होते. मला त्याचा वीट आला होता. एक दिवस तरी भीती बाजूला ठेवून खुशाल या बाळाचं कौतुक करावं, एवढंच मला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे, जा फिरून या. पाळण्यात, झुल्यात बसायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही, पाणी प्यायचं." आईंनी तेही ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "मोटरसायकलवर नाही. आन् मी संग येतो."

म्हणून रफीकभाईंची व्हॅन सांगितली. दिवसभराचे पंधराशे, डिझेलसकट. सकाळी साडेसातला बोरी सोडली. रस्ता मध्येमध्ये चांगला, मध्येमध्ये नुसती चाळणी. रफीकभाईंनी गाडी अशी चालवली की बाजूने सायकलवाले पुढे जात होते. "भाभी, आराम से बसा. खड्डा आला का मी आधीच आवाज देतो," आणि दिलाही, प्रत्येक खड्ड्याला. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चार लेकरांचा बाप आहे तो माणूस, ओढणीने काय फसणार! बाहेर शेतांत कापसाची पऱ्हाटी उभीच होती, वेचायला कुणी गेलेलं दिसत नव्हतं.

यवतमाळला बसस्टँडजवळ गरम सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची पुडाची वडी, खाल्ली. सातव्या महिन्यातल्या बायांनो, दोनवर थांबा. मी चार खाल्ल्या आणि पार्कपर्यंत छातीत जळजळ घेऊन बसले.

आता पार्क. खरं सांगू का, मी नाक मुरडायच्या तयारीने गेले होते. आपल्याकडे 'थीम' म्हणजे दोन सिमेंटचे हत्ती आणि एक बंद पडलेलं कारंजं. पण या लोकांनी मेहनत घेतली आहे हो! आत शिरल्यावर बांबूचं रान, त्यात डायनोसॉर. माना हलवतात, डरकाळ्या फोडतात. एक मादी अंड्यांवर वाकून बसलेली आहे, एकेक अंडं हंड्याएवढं. आई तिच्यापुढे उभ्याच राहिल्या. अंड्यावर हात फिरवून म्हणाल्या, "किती जपून राह्यली पाह्य." आणि माझ्याकडे न बघता पुढे गेल्या.

तिकीट माणशी अडीचशे, सगळे खेळ धरून. जागोजागी सावलीत पाठ टेकायची बाकं आहेत. बायकांचे संडास स्वच्छ आहेत आणि जवळजवळ आहेत, ज्याची किंमत मला त्या दिवशी कळली. झुकझुकगाडी अगदी हळू चालते, आणि गेटवरच्या माणसाने मला स्वतःहून पुढचा, पाय पसरता येईल असा डबा दिला. तळ्याकाठच्या बागेत शेवंती फुलली होती. मी दोनदा फेरी मारली.

मोठे खेळ मागच्या बाजूला आहेत. पहिला लागला कोलंबस, म्हणजे ते होडीसारखं मोठं धूड पुढे-मागे झुलतं ना, तो. त्याच्या दारात लाल अक्षरांची पाटी: 'हृदयरोगी व गरोदर स्त्रियांनी बसू नये.' दारावरच्या माणसाने विचारलं, "ताई, नाही बसत का? भेता काय?" मी ओढणी सावरून म्हटलं, "चक्कर येते मला." खोटं बोलले. आई खाली बघत होत्या.

दुसऱ्या खेळाजवळ मात्र गंमत झाली. गोल गोल गरगर फिरणारा, त्याच्या दारातही तीच पाटी. मिलिंद आत बसला होता, आम्ही दोघी कठड्याला टेकून. रांगेतली एक हौशी बाई माझ्याजवळ आली. तिच्यासोबतची ऐनवेळी घाबरून पळाली होती, जोडीला कुणी हवं होतं. "चला न ताई! काही नाही होत. इतक्या दूर येऊन पाहूनच जाता का?" मी नाही नाही म्हणतेय आणि तिने माझा हात धरून ओढलाच.

"हात सोड वं तिचा!"

आईंचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळी रांग वळली.

"दोन जीवाची हाये माही सून! सातवा महिना चालू हाये! पाटी दिसत नाही तुले?"

ती बाई बिचारी कान धरून माफी मागायला लागली. पण मग रांगेतल्या बाया सुरू झाल्या. "अगं बाई, हो का?" "पहिलं का दुसरं?" एकीने मला बसायला बाकावरची आपली पिशवी बाजूला केली, दुसरीने पर्समधून संत्रं काढून हातात दिलं. आई मात्र पांढऱ्याफटक. तोंडावर पदर धरून मला म्हणाल्या, "बोलून गेलो वं मी. एवढ्या लोकाईत बोलून गेलो."

मी म्हटलं, "आई, चांगलं झालं." मला रडू येत होतं आणि इतका आनंद झाला होता की काय सांगू. ओढणी काढली, घडी करून पिशवीत टाकली, आणि मिलिंद डुलत डुलत बाहेर आला तसं त्याला म्हटलं, "फोटो काढ माझा. पाटीसोबत." तो आधीच गरगरलेला, त्याला काही कळेना. मग काय, त्या पार्कमधल्या प्रत्येक खेळाच्या दारात जाऊन मी, "मला चालतं का बसायला?" विचारलं, दारावरच्याने पोटाकडे बघून, "नाही ताई, तुम्हाले नाही," म्हटलं, आणि मी पाटीखाली उभी राहून फोटो काढला. सात पाट्या, सात फोटो. एवढा नकार ऐकून एवढी खुशी कुणाला झाली नसेल. तिसऱ्या फोटोपासून आईसुद्धा शेजारी उभ्या राहायला लागल्या. चौथ्यात पदर नीट केला. आणि परत कोलंबसपाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "थांब, तुह्या बदल्यात मी बसतो." अठ्ठावन्न वर्षांची बाई! होडी वर गेली की, "अवं माय वं!" आणि खाली आली की खोखो हसणं. मी खाली उभी राहून ओरडत होते. बाळ आत उड्या मारत होतं.

जेवण घरून नेलं होतं, बाहेरचं आत चालतं. आतल्या हॉटेलात चहा वीस रुपये आणि पाणचट. थर्मास न्या. चारनंतर गर्दी वाढते, आम्ही साडेतीनला निघालो. गरोदर असाल तर सुटीचा दिवस टाळा आणि आधी डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर जाऊ नका.

दिवेलागणीला घरी पोचलो. मिलिंद रफीकभाईंसोबत चहाला गेला. पाय सुजले होते म्हणून मी बाजेवर टेकले, आई गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि माझे पाय त्यात सोडून समोर बसल्या. बराच वेळ पाणीच ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या खेपेले तुले काय खावंसं वाटे वं? मी इचारलंच नव्हतं."

मी सांगितलं. भाजलेला ओला हरभरा, आणि तोही उन्हाळ्यात. कुठून मिळणार होता? आम्ही दोघीही हसलो. मग मी म्हटलं, "मुलगी होती, आई." दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "मी तिचं नाव ठेवलं होतं. मनातल्या मनात. कोणाले सांगतलं नाही."

मी विचारलं, त्यांनी सांगितलं. आता दोन महिने उरले आहेत आणि पुढचं कुणालाच माहीत नाही, पण आमच्या घरात लेकरांविषयी बोलणं सुरू झालं आहे, एकीविषयीही आणि येणाऱ्याविषयीही. ते नाव मात्र इथे लिहीत नाही. तेवढं आमच्या दोघींपाशी राहू द्या.